वाघ, राखड आणि धान : चंद्रपूर जिल्ह्याच्या पर्यावरणीय कामगिरीचा आढावा

एखाद्या जिल्ह्याची पर्यावरणीय कामगिरी ठरवताना बहुधा एखादा निर्देशांक किंवा एखादी गणना प्रमाण मानली जाते. चंद्रपूर जिल्ह्याच्या बाबतीत मात्र अशी दोन मापे हाताशी असून ती परस्परांच्या अगदी उलट साक्ष देतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक समूहांची जी पाहणी केली, तीत चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि अंकलेश्वर, वापी व गाझियाबाद यांच्या पाठोपाठ त्याचा देशात चौथा, तर महाराष्ट्रात पहिला क्रमांक लागला. हे गुण जितके अधिक तितकी स्थिती वाईट, असे या मोजणीचे सूत्र आहे. दुसरीकडे, २०१८ मध्ये ३१२ असलेली महाराष्ट्रातील वाघांची अनुमानित संख्या २०२२ च्या गणनेत ४४४ वर गेली, आणि राज्यातील वाघांचा सर्वांत मोठा वाटा ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात व त्याभोवतीच्या वनविभागांत, म्हणजे याच जिल्ह्यात आहे. शासकीय अहवालांत ही दोन्ही मापे वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या पानांवर राहतात, त्यामुळे एकाच जिल्ह्याविषयी अभिमान आणि चिंता या दोन्ही भावना एकमेकींना न भिडता वर्षानुवर्षे शेजारी शेजारी नांदतात. प्रस्तुत आढाव्याचे म्हणणे असे, की या दोन्ही मापांतून एक गोष्ट निसटते, आणि तीच कामगिरीची खरी कसोटी आहे : निर्णय कोण घेतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, यांतले अंतर.

१९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाल्यानंतर उरलेला चंद्रपूर जिल्हा सुमारे ११,४४३ चौरस किलोमीटरांचा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २२ लाखांच्या आसपास होती. भूगोलाच्या दृष्टीने तो एकजिनसी नाही. पश्चिमेला वर्धा आणि इरई या नद्यांच्या खोऱ्यांत वरोरा, भद्रावती, घुग्गुस, चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा असा कोळशाचा पट्टा आहे आणि त्याला लागूनच कोरपना-गडचांदूरकडे चुनखडीचा व सिमेंट कारखान्यांचा पट्टा आहे. मध्यभागी ताडोबाचे जंगल आहे. आणि पूर्वेला मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हा तळ्यांवर पोसलेला धानपट्टा आहे. जिल्ह्याची सरासरी काढणारा कोणताही आकडा या तीन प्रदेशांची बेरीज करून त्यांना तीनने भागतो, आणि घुग्गुसच्या धुळीवर ब्रह्मपुरीच्या हिरवाईचे पांघरूण घालतो.

ज्या निर्देशांकाने चंद्रपूरला कुप्रसिद्धी मिळाली त्याला सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांक म्हणतात. हवा, पाणी आणि जमीन या तिन्ही घटकांसाठी प्रदूषणाचा स्रोत किती मोठा, प्रदूषक कोणत्या वाटेने पसरतो आणि तो अखेर कोणापर्यंत पोहोचतो, यांचे गुण देऊन तो काढला जातो, आणि ७० हून अधिक गुण मिळालेला प्रदेश ‘अतिगंभीर प्रदूषित’ ठरतो. २००९ च्या पाहणीत अशा ४३ समूहांची नोंद झाली आणि जानेवारी २०१० मध्ये त्यांतील नव्या व विस्तारित उद्योगांना पर्यावरणीय मंजुरी देण्यावर केंद्राने स्थगिती आणली. ती पुढे टप्प्याटप्प्याने उठली. मूल्यमापनाची पद्धतही नंतर बदलली, तरी २०१८ च्या फेरीतही चंद्रपूर ७० च्या वरच राहिले. निर्देशांकाचे मोल नाकारण्याचे कारण नाही, कारण त्याच्यामुळेच चंद्रपूरच्या हवेचा प्रश्न प्रथमच आकड्यांच्या भाषेत दिल्लीपर्यंत पोहोचला. परंतु एकच गुण दाखवणाऱ्या मापाचा एक दोष असतो : तो थोडा खाली आला की सुधारणा झाली असे गृहीत धरले जाते, मग प्रत्यक्षात सुधारणा कारखान्याच्या धुराड्यात झाली की मोजण्याच्या पद्धतीत, हे विचारले जात नाही.

कोळशाच्या पट्ट्यातला प्रदूषणाचा सर्वांत मोठा एकच स्रोत म्हणजे चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता, पहिले दोन जुने संच बंद करून आणि प्रत्येकी ५०० मेगावॉटचे दोन नवे संच जोडून, आज २,९२० मेगावॉट आहे, आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागातील दिवे, पंप व कारखाने त्याच्यावर चालतात. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे जाळलेल्या दर तीन टनांमागे सुमारे एक टन राख मागे उरते. स्थानिक बोलीत तिला राखड म्हणतात. धुराड्यात जाणारी बारीक राख विद्युतभारित पट्ट्यांवर पकडली जाते. जी कोरड्या स्वरूपात उचलली जात नाही ती पाण्यात कालवून नळांवाटे दूरच्या बंधाऱ्यात सोडली जाते, तेथे ती तळाशी बसते आणि वरचे पाणी काढून घेतले जाते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हा बंधारा एखाद्या करड्या तलावासारखा शांत दिसतो, पण एप्रिल-मेमध्ये कडेचा भाग वाळून त्याची पिठासारखी पूड होते आणि दुपारच्या वावटळींबरोबर ती आसपासच्या गावांत, कपाशीच्या रानांत व घरांत शिरते. नळ फुटला तर हेच कालवण नाल्यात आणि शेतात उतरते. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांवर राखेचा संपूर्ण वापर तीन ते पाच वर्षांच्या आवर्तनात पूर्ण करण्याचे आणि न केल्यास दंड भरण्याचे बंधन घातले. चंद्रपुरात या वापराला अनुकूल परिस्थिती आहे, कारण राखड मिसळून सिमेंट बनवणारे मोठे कारखाने याच जिल्ह्यात आहेत आणि भरून काढण्याजोग्या जुन्या खाणीही आहेत. अडचण साचलेल्या जुन्या राखेची आहे : रोजची कोरडी राख सिमेंटवाले उचलतात, बंधाऱ्यातल्या ओल्या राखेला मात्र गिऱ्हाईक नसते.

धुराड्यातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची कथा अधिक लांबलेली आहे. हा वायू हवेत गेल्यावर काही तासांत ते काही दिवसांत सल्फेटच्या अतिसूक्ष्म कणांत रूपांतरित होतो, म्हणून तो केवळ वायू म्हणून नव्हे, तर फुप्फुसांच्या तळापर्यंत जाणाऱ्या धुळीचा उगम म्हणूनही मोजायला हवा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने त्याची मर्यादा घालून दिली. ती पाळण्यासाठी धुरावर चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारून गंधक जिप्समच्या रूपाने वेगळे करणारी संयंत्रे बसवणे अपेक्षित होते, आणि मुदत दोन वर्षांची होती. ती मुदत वारंवार वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य औष्णिक संचांना या अटीतून वगळण्यात आले. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र व दशलक्षी शहरे यांच्याजवळच्या संचांवर बंधन कायम राहिले. अतिगंभीर प्रदूषित प्रदेश आणि हवेची मानके न पाळणारी शहरे यांच्या १० किलोमीटर परिघातील संचांविषयी प्रकरणपरत्वे निर्णय घेण्याचे ठरले. चंद्रपूर दोन्ही कसोट्यांनी या मधल्या वर्गात येते. भारतीय कोळशात गंधक कमी असते हा सवलतीमागचा युक्तिवाद खरा आहे. परंतु इतकी मोठी क्षमता एकाच ठिकाणी, शहराला चिकटून, खाणी आणि सिमेंट भट्ट्यांच्या शेजारी एकवटलेली असताना टक्केवारीपेक्षा एकूण भार महत्त्वाचा ठरतो. ज्या जिल्ह्यातून देशाला चुनखडी जाते त्याच जिल्ह्याच्या धुराड्यांना चुनखडीचा फवारा मिळण्यासाठी दहा वर्षे वाट पाहावी लागावी आणि तरीही प्रश्न अनिर्णित राहावा, हे खेदाने नोंदवावे लागते.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात २०१९ पासून चंद्रपूर शहराचा समावेश आहे आणि शहरात व खुटाळा औद्योगिक वसाहतीत हवेची सतत मोजणी होते. भारतीय मानकांनुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवे. कार्यक्रमाचा निधी मुख्यतः महापालिकेमार्फत रस्ते झाडणे, पाणी फवारणे, कचरा न जाळणे अशा कामांवर खर्च होतो, कारण महापालिकेच्या हातात तेवढेच आहे; कोळशाच्या मालमोटारींचा मार्ग किंवा संचांची दुरुस्ती तिच्या अखत्यारीत येत नाही.

कोळशाचा इतिहास या जिल्ह्यात वीजकेंद्रापेक्षा शंभर वर्षांनी जुना आहे. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली. पूर्वीच्या खाणी भूमिगत होत्या, आज उत्पादनाचा मोठा भाग खुल्या खाणींतून येतो, आणि खुल्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्याआधी त्याच्यावरची माती व खडक उपसून बाजूला रचावे लागतात. या ढिगाऱ्यांना खाणकामगार ‘ओबी’ म्हणतात. घुग्गुस, पद्मापूर किंवा सास्तीच्या परिसरात सपाट काळ्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ज्या टेकड्या दिसतात त्या निसर्गाच्या नव्हेत. त्यांतले काही ढिगारे इरई आणि वर्धा यांच्या काठालगत असल्याने पुराचे पाणी जिथे पसरून ओसरत असे ती जागा आक्रसली आणि पावसाबरोबर वाहून येणारी माती पात्रात बसली. वर्धेला पूर आला की इरईचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे फुगते. त्याच सुमारास इरई धरणाचे दरवाजे उघडावे लागले तर चंद्रपूर शहरातील रहमतनगरसारख्या सखल वस्त्या पाण्याखाली जातात, जसे जुलै २०२२ मध्ये झाले. पूर पूर्वीही येत होते, हे खरे आहे. पण पाण्याची वाट अरुंद केल्यानंतरच्या पुराला केवळ अतिवृष्टीचे फळ म्हणता येत नाही.

भूमिगत खाणींचा धोका वेगळा असून तो खाण बंद झाल्यानंतरही संपत नाही. कोळसा काढून घेतल्यावर आतल्या पोकळ्या वाळूने भरून घेणे ही सुरक्षिततेची मान्य पद्धत आहे. ती नीट न झाल्यास छताचा खडक हळूहळू खचत वर येतो आणि एखाद्या दिवशी जमीनच आत जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्गुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर काही क्षणांत जमिनीत गडप झाले. भूकंपासारखा हादरा जाणवून घरातली माणसे वेळीच बाहेर पडली, म्हणून जीवितहानी टळली. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. वाघांची गणना दर चार वर्षांनी होते, हवेची मोजणी दर तासाला होते. वस्त्यांखालच्या पोकळ्यांचा सर्वांना पाहता येईल असा नकाशा मात्र जिल्ह्याच्या कोणत्याही मूल्यमापनाचा भाग नाही.

पाण्याच्या बाबतीत एक घटना सर्व नात्यांवर प्रकाश टाकते. इरई धरण वीजकेंद्राला पाणी देते आणि शहरालाही. २०१० च्या उन्हाळ्यात धरणाने तळ गाठला तेव्हा वीजकेंद्राचे संच बंद ठेवण्याची वेळ आली, आणि राज्याच्या ऊर्जेचा कणा मानले जाणारे केंद्र एका मध्यम नदीच्या पाणलोटावर किती अवलंबून आहे हे सर्वांना दिसले. शहरातली झरपट नदी सांडपाण्याने आणि जलपर्णीने भरलेली असते. वरोरा, भद्रावती, कोरपना या भागांत भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास दात पिवळे-तपकिरी होतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात. हे फ्लोराइड खडकातूनच येते, कारखान्यांतून नव्हे, पण शुद्ध पाण्याची पर्यायी योजना देणे ही कामगिरीच्याच सदरात येणारी गोष्ट आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांवर जाणारे आणि काही वर्षी ४८ पर्यंत पोहोचलेले तापमान या सर्व प्रश्नांना अधिक धार आणते.

जिल्ह्याची जमेची बाजू जंगल आहे, आणि ती खरोखर मोठी आहे. ताडोबा हे १९५५ मध्ये घोषित झालेले महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान. १९८६ चे अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प उभा राहिला आणि आज गाभा व बफर मिळून त्याचे क्षेत्र १,७२७ चौरस किलोमीटर आहे. बफर म्हणजे गाभ्याभोवतीचा असा पट्टा, जेथे गावे आणि शेती राहतात, पण वन्यजीवांचाही वावर मान्य केला जातो. बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे गाभ्यातून बाहेर बसवली गेली. सीमेजवळच्या लोहारा येथील प्रस्तावित कोळसा खाण २००९ मध्ये स्थानिक आंदोलनानंतर रोखली गेली, त्यात ‘इको-प्रो’ संस्थेचे बंडू धोतरे यांचे उपोषण महत्त्वाचे ठरले. २०२० मध्ये बंदर कोळसा पट्टाही लिलावातून वगळण्यात आला. वाघ वाढले ते यामुळे.

वाढलेले वाघ मात्र अभयारण्याच्या रेषेत मावत नाहीत. तरुण वाघ नवा प्रदेश शोधत ब्रह्मपुरीच्या झुडपी जंगलात, धानाच्या बांधांवर आणि थेट खाणींच्या ढिगाऱ्यांवर उगवलेल्या काटेरी झाडोऱ्यात येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाऔष्णिक केंद्राच्या आवारातच एका कामगाराचा वाघाने बळी घेतला आणि लगेच लगतच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेले. जिल्ह्याचे दोन प्रश्न तेव्हा एकाच जागी येऊन मिळाले. राजुऱ्याकडे आठ माणसांच्या मृत्यूस कारण ठरलेला वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये पकडावा लागला. मानव-वन्यजीव संघर्षात राज्यातले सर्वाधिक बळी या जिल्ह्यात जातात, आणि बळींमध्ये गुराखी, सरपण आणणाऱ्या बाया आणि वनोपज गोळा करणारे अधिक असतात. एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे गळतात, ऊन चढण्याआधी ती वेचावी लागतात, आणि वेचणारे माणूस तासन्‌तास झाडाखाली ओणवे किंवा उकिडवे बसलेले असते. झुडपाआडून वाघाला ती आकृती माणसाची वाटत नाही, असे वनाधिकारी सांगतात. टोपलीभर फुलांसाठी पत्करावा लागणारा हा धोका त्या घराच्या मिळकतीचे मोजमाप आहे. मृताच्या वारसांना राज्य शासन २५ लाख रुपये देते. बफर गावांसाठी २०१५ पासूनच्या जन-वन विकास योजनेतून स्वयंपाकाचा गॅस, शौचालये, सौर कुंपणे मिळाली, त्यामुळे जंगलात जाण्याच्या फेऱ्या कमी झाल्या. परंतु ब्रह्मपुरी विभागातली बरीचशी वाघांची गावे व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर आहेत. काही वाघिणी नागझिऱ्यात आणि २०२४ मध्ये ओडिशातील सिमिलिपालमध्ये हलवण्यात आल्या. हा उपाय मर्यादितच राहणार. वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटा चंद्रपूर-मूल रस्ता आणि गोंदिया-बल्लारशा लोहमार्ग यांनी छेदल्या आहेत, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्लीजवळ रेल्वेखाली तीन बछडे मेले होते.

धानपट्ट्याकडे पर्यावरणाच्या चर्चेत सहसा लक्ष जात नाही, कारण तेथे धुराडे नाही आणि पर्यटकही नाहीत. तेथील ठेवा म्हणजे माजी मालगुजारी तलाव. उताराचे पाणी मातीच्या पाळीने अडवून, त्यावर रोवणी झालेला धान जगवणारी, मासे व शिंगाडा देणारी आणि विहिरींना पाझर पुरवणारी ही तळी पूर्व विदर्भात हजारोंच्या संख्येने आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तळी शासनाकडे आली. गावाचे निस्तार हक्क, म्हणजे घरगुती गरजेपुरते पाणी व वनोपज घेण्याचे परंपरागत अधिकार, कागदावर राहिले, पण पाळ बांधण्याची आणि गाळ काढण्याची जबाबदारी कोणाची, हे अस्पष्ट झाले. परिणामी पाळी फुटल्या, गाळ साचला, काठावर अतिक्रमणे झाली. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी ‘एचएमटी’ हे धानाचे वाण निवडीतून सिद्ध केले, त्यामागेही अशाच पाण्याच्या आधाराची शेती होती.

२०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा पर्यावरण आराखडा करण्याचे आदेश दिले, आणि त्याची धुरा जिल्हाधिकाऱ्यांकडे आली. आराखड्यात घनकचरा, प्लास्टिक, जैववैद्यकीय व घातक कचरा, सांडपाणी, हवा, खाणकाम, ध्वनी यांचे रकाने आहेत. कल्पना चांगली आहे, पण चंद्रपुरात जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती असलेल्या गोष्टी आणि प्रदूषणाची खरी उगमस्थाने यांचा मेळ बसत नाही : कोळसा खाणींचे निर्णय नागपूर व दिल्लीत होतात, वीजकेंद्राचे मुंबईत, मंजुऱ्या पुन्हा दिल्लीत, आणि वन खाते स्वतःच्या शिस्तीने चालते. जिल्ह्याच्या हाती थेट येणारे एक बलवान साधन म्हणजे २०१५ च्या कायदादुरुस्तीने निर्माण झालेले जिल्हा खनिज प्रतिष्ठान, ज्यात खाणधारक स्वामित्वधनाचा ठरावीक हिस्सा भरतात. त्यातला पूर्वी किमान ६० टक्के, आणि २०२४ च्या सुधारित सूचनांनुसार किमान ७० टक्के, खर्च पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा अग्रक्रमाच्या बाबींवर व्हायला हवा. हा निधी इमारती आणि सुशोभीकरणाकडे न वळता फ्लोराइडग्रस्त गावांच्या पाण्याकडे, खचणाऱ्या वस्त्यांच्या पाहणीकडे आणि राखडीच्या पट्ट्यातील श्वसनविकारांच्या नियमित नोंदीकडे किती वळतो, यावरून जिल्ह्याची कामगिरी मोजणे निर्देशांकापेक्षा अधिक न्याय्य ठरेल.

निर्णय आणि किंमत एकाच ठिकाणी आल्यावर काय घडते याचा दाखला गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव देते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये या छोट्या गावाला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभा स्वतः बांबू तोडते, विकते, हिशेब जाहीर वाचते आणि जंगलाचा एक भाग तोडीपासून कायम मुक्त ठेवते. त्याहून महत्त्वाचा निर्णय तेंदूपत्त्याचा आहे. कोवळी पाने यावीत म्हणून तेंदूची झाडे छाटली जातात आणि जमिनीवर आग लावली जाते. ती आग पसरून बांबूची कोंबे आणि इतर रोपे जळतात. मे महिन्यात रोख पैसा देणारा हा व्यवसाय बंद करण्याचे पाचगावने ठरवले, कारण जळणारे जंगल आता ठेकेदाराचे किंवा खात्याचे नव्हते, गावाचे होते. जिल्हा पर्यावरण आराखड्याच्या ठरलेल्या रकान्यांत अशा निर्णयाची नोंद करायला जागा नाही.